बनूबाईंची चांदमारी

बनूबाईंची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला अटक केली तेव्हा.

अटक हा शब्द मीनलला, म्हणजे माझ्या बायकोला, पटत नाही. तिच्या मते एका बाईने शिट्टी मारली आणि मी घाबरून झाडाखाली बसलो, एवढंच झालं. पण मीनल तिथे नव्हती, मी होतो. अंबरनाथच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं अधिकारी म्हणून काढलेला माणूस, पायात नवे बूट, डॉक्टरांनी सांगितलेले रोजचे सहा किलोमीटर. बेलवलीहून निघालो, सोनिवलीच्या पुढे नव्या इमारती संपतात तिथवर आलो आणि समोर मोकळा माळ दिसला. बदलापुरात मोकळी जागा दिसली की आत शिरून घ्यावं, दुसऱ्या दिवशी तिथे बिल्डरचा बोर्ड लागलेला असतो.

शंभर पावलं गेलो असेन, तोच मागून शिट्टी वाजली. वळून बघतो तर गुडघ्यापर्यंत लुगडं, त्यावर खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी आणि हातात काठी घेतलेली एक बाई तरातरा येत होती.

"बावटा दिसत नाय काय?"

टेकडीवर खांबाला लाल बावटा फडफडत होता. मला तो कुठल्यातरी पक्षाचा वाटला होता. मी तसं म्हणालोही.

"पक्षवाले गोल्या नाय मारत, सायेब. हे मारतात."

तेवढ्यात टेकडीपलीकडून ठो ठो ठो असा आवाज आला आणि मी बूटमोजांसह खाली बसलो. बावटा उतरेपर्यंत उठायचं नाही, असा हुकूम झाला. मोहाच्या झाडाखाली माझ्यासोबत चार बकऱ्या आणि रस्ता चुकलेला एक कुरियरवाला होता. आम्ही अडीच तास बसलो. अकरा वाजता बावटा उतरला, बाईंनी थर्मासमधला गुळाचा चहा दिला आणि "आता जा, आन् बायकोला सांगा, जिता हाय म्हून," असं सांगून आम्हाला सोडलं. बकऱ्यांना चहा मिळाला नाही.

चांदमारी म्हणजे सैन्याच्या गोळीबाराच्या सरावाचा माळ. ही चांदमारी करवंदपाडा नावाच्या वस्तीला लागून आहे आणि बनूबाई तिच्या चौकीदार. सराव सुरू होण्याआधी बावटा चढवायचा, गुरं-माणसं हाकलायची, सराव संपला की बावटा उतरवायचा, हे त्यांचं काम. आधी हे काम त्यांचा नवरा जयदेव करायचा. जयदेवमध्ये चौकीदाराला लागणारे सगळे गुण होते, फक्त त्याला लांबचं दिसत नसे. पन्नास पावलांपलीकडची म्हैस त्याला झुडूप वाटे. हे ऑफिसला कळलं तर नोकरी जाईल, म्हणून बनूबाई रोज भाकरीचं निमित्त काढून माळावर जात आणि त्याच्या शेजारी उभ्या राहून हळूच सांगत, "डावीकडं दोन रेडं. तल्याच्या अंगाला एक बाई." मग जयदेव मोठ्या रुबाबात डावीकडे बघून शिट्टी मारी. सात वर्षं असा संसार चालला. मग जयदेवला कावीळ झाली आणि तो गेला.

अनुकंपा तत्त्वावर नोकरी द्यायची ठरली तेव्हा ऑफिसवाले म्हणाले, बाईमाणूस आहे, कार्यालयात झाडूपोछा करील. बनूबाईंनी सांगितलं की मला बावटाच पाहिजे. त्यावर एका बाबूने विचारलं, "बाई बावटा कशी चढवणार?" बनूबाई म्हणाल्या, "लुगडं वालत घालतंय तशी." बावटा त्यांना मिळाला. या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली.

या सव्वीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट कधी केली नाही. खोटा बावटा चढवला नाही. मध्यंतरी एक तरुण कॅप्टन आला होता. जेवणाच्या सुट्टीतही बावटा राहू दे, म्हणजे गुरं आत येणार नाहीत, असं त्याने सुचवलं. बनूबाईंनी त्याला समोर बसवलं. "बाला, गोली नसताना बावटा चढला ना, तर गोली असताना कोन भियाल?" कॅप्टन 'येस मॅडम' म्हणाला असं त्या सांगतात. तो बिचारा पंजाबकडचा होता, त्याला त्यातलं किती कळलं देव जाणे. पण बावटा मात्र जेवणाच्या सुट्टीत उतरायला लागला.

अटकेनंतर मी रोज तिकडेच फिरायला जाऊ लागलो. बावटा उतरलेला असला तरच आत जायचो, हे सांगायला नकोच. तेव्हा मला त्या माळाचं दुखणं दिसलं. नेम धरायच्या निशाणांच्या मागे गोळ्या अडवायला मातीची उंच टेकडी आहे. तिच्या पोटात वर्षानुवर्षं गोळ्या शिरून माती भुसभुशीत झालेली. सरावाच्या गाड्यांनी खालचा उतार नांगरल्यासारखा केलेला. पावसाळ्यात ती सगळी माती वाहत एका घळीतून खाली येते आणि वस्तीच्या तळ्यात जाऊन बसते. बनूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्या तळ्यात हत्ती बुडाला असता म्हणतात. आता म्हैस बसली तर तिची पाठ कोरडी राहते.

"मी मे महिन्यात रिटायर होतंय," बनूबाई एकदा म्हणाल्या. "मंग मना कोन आत सोडंल? नवा चौकीदार येल, बावटा चढवंल, पगार घेल. माती त्याची कोन लागते? हे तलं माज्या डोल्यादेखत बुजलं. जाताना ते मोकलं करून जायाचं हाय."

एवढंच त्यांना हवं होतं. मे संपायच्या आत त्या टेकडीची माती जागेवर थांबावी आणि तळं मोकळं व्हावं.

मला निवृत्तीनंतर कोणीतरी काहीतरी विचारावं अशी भूक होतीच. मी म्हणालो, "बघतो." आणि दोन महिने ऑफिसं हिंडलो. छावणीच्या ऑफिसातल्या साहेबांनी मला चहा दिला, ना-हरकत पत्र दिलं आणि पैसे सोडून सगळं दिलं. गोळीसाठी खर्चाचं हेड आहे, निशाणाच्या कागदासाठी हेड आहे, निशाण चिकटवायच्या खळीसाठीसुद्धा हेड आहे, मातीसाठी नाही. ग्रामपंचायत म्हणाली, माती सैन्याची आहे. तळ्याचं खातं म्हणालं, तळं आमचं आहे पण आतली माती आमची नाही. एकाने तर मला, ती माती तळ्यात गेल्यावर कुणाच्या मालकीची होते यावर लेखी मत मागा असा सल्ला दिला. मी चौतीस वर्षं लोकांना असेच सल्ले देत होतो, त्यामुळे मला फार रागावताही येईना.

शेवटी मुंबईतल्या एका कंपनीच्या संस्थेचा पत्ता लागला. बिघडलेल्या जमिनी सुधारायला ही संस्था पैसे देते आणि सैन्याच्या सरावाच्या जमिनीही तिच्या यादीत होत्या. पहिल्या वर्षी दुरुस्ती, पुढची पाच वर्षं देखभाल. मी योजना आखली. खरं म्हणजे बनूबाईंनी सांगितली आणि मी लिहिली. टेकडीला दगडाचे टप्पे, उतारावर वाळा आणि करवंद, माळाचे चार तुकडे करून दरवर्षी एका तुकड्यात गुरं बंद, गवत दसऱ्यानंतर बी पडल्यावरच कापायचं, आणि गवताच्या लिलावाचे पैसे पुन्हा त्याच माळावर लावायचे. सगळं मिळून अठ्ठेचाळीस लाख. आकडा ऐकून बनूबाईंनी फक्त विचारलं, "यात म्हशीचा खर्च पन धरलाय काय?"

आता या संस्थेचा अर्ज हातानेच लिहायचा होता. त्यात म्हणे जिव्हाळा दिसतो. मला काही अडचण नव्हती. अर्ज हा माझा प्रांत. कारखान्यात असताना चौकटीच्या बाहेर एक काना गेला तरी मी अर्ज परत पाठवत असे, आणि त्याबद्दल माझ्या निरोपसमारंभात टाळ्या पडल्या होत्या. निरोपाच्या टाळ्या पडल्या असं मीनल म्हणते. असो. नववा प्रश्न होता, 'जमिनीची सध्याची स्थिती व तिची कारणे.' मी माझ्या सुवाच्य अक्षरात, चौकटीत बरोबर बसेल असं लिहिलं: 'जमीन अत्यंत नादुरुस्त आहे. गेली पंचवीस वर्षे सदर जमिनीची कोणतीही निगा राखण्यात आलेली नाही.'

अर्ज पाठवला आणि एक प्रत बनूबाईंना नेऊन दिली. त्यांना वाचता येत नाही. त्यांची सून जिज्ञासा बालवाडीत शिकवते, तिने ओसरीवर बसून मोठ्याने वाचला. नववा प्रश्न आला तेव्हा बनूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कोनतीही निगा?"

"राखण्यात आलेली नाही," जिज्ञासाने वाचलं, आणि चोरट्या नजरेने माझ्याकडे बघितलं.

"बरं," बनूबाई म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला बाईमाणसाच्या 'बरं'चा अर्थ कळायला हवा होता. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी संस्थेचं पत्र आलं. अर्ज पहिल्या चाळणीत पास झाला होता. मंगळवारी त्यांच्या मॅडम हिमानी जमीन पाहायला येणार होत्या. मी आदल्या गुरुवारी बनूबाईंना सांगितलं, "पाहुणे येणार आहेत. त्यांना जमीन दाखवायची." आणि घरी येऊन झोपलो. मधल्या चार दिवसांत माझा गुडघा धरल्यामुळे फिरायला गेलो नाही, हा त्या गुडघ्याचा अपराध मी अजून माफ केलेला नाही.

मंगळवारी सकाळी फाटकापाशी पोचलो आणि मला वाटलं, मी चुकीच्या गावात आलो. मार्च महिना, आजूबाजूचे सगळे डोंगर वाळून पिवळे पडलेले आणि चांदमारीची टेकडी हिरवीगार! फाटकात रांगोळी, तीत गुलाबी रंगाने 'सुस्वागतम'. वाटेच्या दोन्ही कडांना चुन्याने रंगवलेले दगड. गाड्यांच्या चाकोऱ्या बुजवून वर पाणी मारलेलं. उतारावर गिरीपुष्पाच्या फांद्या ओळीने रोवलेल्या, त्यांची पानं अजून ताजी. आणि घळ? घळ नव्हतीच. जिथे दोन पुरुष उंचीची घळ होती, तिथे सपाट जमीन होती आणि तीवर ओलं गवत अंथरलेलं. वस्तीतल्या सत्तावीस बाया एका रांगेत, नव्या साड्यांत उभ्या होत्या.

"बनूबाई, हे काय केलंत?"

"निगा," बनूबाई म्हणाल्या. खाकी शर्टाला इस्त्री होती. "पंचवीस वर्सं कोन नाय ना राखली? मी काय माश्या मारत होतंय? बगू दे त्या बाईला."

"अहो, पण जमीन खराब दिसली तरच पैसे मिळतात!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच माझी शंका आली. "सायेब, आमच्या गावाला सोच्छ गावाचा इनाम भेटला तवा आमी गाव झाडला होता का घान केला होता? पास झालेल्या पोराला बक्षीस देतात. नापासाला कोन देतो?"

देशातल्या सगळ्या बक्षिसांचा नियम त्यांना पाठ होता, हा एकच अपवाद माझ्या अर्जात निघाला. तेवढ्यात हिमानी मॅडमची गाडी आलीसुद्धा.

हिमानी तिशीची, ठाण्याची, डोक्यावर टोपी, हातात टॅब. तिने रांगोळी बघितली आणि खूष झाली. बायांनी ओवाळलं. बनूबाईंनी तिला माळ फिरवला, आणि मी मागून पाय ओढत चाललो. मी दोनदा म्हणालो, "जरा घळीकडे जाऊ या का?" दोन्ही वेळा बनूबाई म्हणाल्या, "सायेबांचा गुडगा दुखतो, तेंना लय चालवू नका." खरं बोलावं तर पाहुण्यांदेखत त्या बाईची अब्रू जाते, न बोलावं तर तळं जातं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण आम्हाला अठ्ठेचाळीस लाख हवे होते.

तासाभराने हिमानी फाटकाशी येऊन थांबली.

"आजी, खरं सांगू? मी आठ जिल्ह्यांत फिरलेय. इतकी व्यवस्थित ठेवलेली फायरिंग रेंज मी पाहिली नाही. सिम्पली अमेझिंग! कोण बघतं हे सगळं?"

"मीच," बनूबाई म्हणाल्या.

"एकट्या?"

"मंग?"

हिमानीने टॅबवर लिहिलं आणि वाचून दाखवलं, "जमिनीची निगा उत्तम." त्या क्षणी बनूबाईंचा चेहरा मी पाहिला. सव्वीस वर्षांत त्यांना हे कोणी म्हटलं नव्हतं. ना ऑफिसने, ना गावाने, आणि मी तर उलटच लिहून ठेवलं होतं. मला माझी लाज वाटली. त्या सुवाच्य अक्षराचीसुद्धा.

"मंग तल्याचं काम कंदी चालू करायचं?" बनूबाईंनी विचारलं.

हिमानीचा चेहरा पडला. "आजी, आमचा निधी खराब झालेल्या जमिनींसाठी आहे. तुमची जमीन चांगली आहे. मला रिजेक्ट करावं लागेल. पण तुमचा फोटो आमच्या वार्षिक अंकात नक्की छापू, हं!"

ती गाडीत बसली. बनूबाई उभ्याच राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, तळ्याकडे बघितलं, आणि वळून टेकडीकडे चालू लागल्या. आधी चालल्या, मग लुगडं सावरून पळाल्या. साठीची बाई पळताना बघून बायाही घाबरल्या.

गाडी सुरू होऊन दहा फूट गेली असेल, तोच टेकडीवर लाल बावटा चढला आणि लांबलचक शिट्टी वाजली. फाटकावरच्या शिपायाने सवयीने आडवा बांबू खाली सोडला. बावटा चढला की बांबू पडतो, मग आत कर्नल असो की कुरियरवाला.

"आज फायरिंग आहे?" हिमानीने काच खाली करून विचारलं.

"नाही," मी म्हणालो. मला एकट्यालाच कळलं होतं, काय घडलंय ते. सव्वीस वर्षांतला पहिला खोटा बावटा.

बनूबाई धापा टाकत खाली आल्या. गाडीचं दार उघडून त्यांनी हिमानीचं मनगट धरलं.

"चल पोरी. तुला खरं दाखवतंय."

त्यांनी तिला जिथे घळ होती तिथे नेलं. वाकून ओल्या गवतात हात घातला आणि काहीतरी ओढलं. जमिनीतून जीन्सच्या पँटचा एक पाय बाहेर आला. हिमानी किंचाळली. तिला वाटलं आत माणूस आहे. तिचं चुकलं नाही, चांदमारी आहे, कोणालाही वाटेल.

"कापडा हाय गं!" बनूबाईंनी अजून ओढलं. दुसरा पाय आला, मग खिसा, मग नुसत्याच निळ्या चिंध्या. त्यांचा भाचा कल्पेश उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यांतून चिंध्या उचलतो. त्याने तीन टेम्पो भरून गोण्या आणून टाकल्या होत्या. वर दोन वीत माती, त्यावर गवत. बायांनीही हात लावला. गोणीमागून गोणी निघाली आणि अर्ध्या तासात घळ होती तशी तोंड वासून समोर उभी राहिली. गिरीपुष्पाची एक फांदी हिमानीने हलकेच ओढली, ती तिच्या हातात आली. तिला मुळंच नव्हती.

"हे बग," बनूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "फाटलंय. दर वर्साला मे महिन्यात दगडाचा बांध घालतंय, आन् श्रावनात तो जातो. मंग परत घालतंय. नाय जमला मना. तुज्या कागदावर लिव, बनूबाईला नाय जमला."

मला सांगायला हरकत नाही, माझे डोळे भरून आले आणि मी गुडघा चोळत असल्याचं नाटक केलं.

हिमानी घळीत उतरली. आत तिला दगड दिसले, रचलेले, फुटलेले, एकाखाली एक. खालचे काळे पडलेले, वरचे नवे. ती मोजत गेली. "हे किती बांध आहेत?"

"तेहेतीस."

"तुमची नोकरी तर सव्वीस वर्षांची ना?"

"पहिले सात मालकाचे हायत."

हिमानी वर आली तेव्हा तिच्या टोपीला चिंध्या लागल्या होत्या. टॅबवर तिने आधीचं सगळं खोडलं, नव्याने फोटो काढले, घळीची खोली मोजली. मग माझ्याकडे वळून, थोडं खडसावूनच म्हणाली, "सर, तुमच्या अर्जात निगा राखली नाही असं आहे. इथे तेहेतीस वर्षांची निगा दिसतेय, ती पुरली नाही एवढंच. समितीसमोर हे असं चालणार नाही. नववा प्रश्न पुन्हा लिहून द्या. आत्ता."

"आधी बावटा उतरवतंय," बनूबाई म्हणाल्या. त्या टेकडीवर गेल्या, बावटा उतरवला, घडी घातली आणि खाली येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "आज खोटा चढवला," त्या हळूच म्हणाल्या. "हे पन लिवायचं काय?"

"नाही," मी म्हणालो. "त्याला चौकट नाही."

मंजुरी एप्रिलमध्ये आली. मेच्या पहिल्या आठवड्यात टेकडीला दगडाचे टप्पे पडू लागले, तळ्यातून माती निघाली, आणि वस्तीतल्या म्हशी काठावर उभ्या राहून जेसीबीकडे संशयाने बघत राहिल्या. देखभालीच्या पाच वर्षांसाठी संस्थेला माळ जाणणारं माणूस हवं होतं, सरकारी नोकरीत नसलेलं. एक जूनपासून बनूबाई त्यात बसल्या. नव्या चौकीदाराला त्या आता बाहेरून सूचना करतात, आणि त्याने बदलीचा अर्ज केल्याचं कानावर आलंय. पण हे सगळं नंतरचं. त्या मंगळवारी दुपारी मी मोहाच्या झाडाखाली, माझ्या जुन्या अटकेच्या जागी बसलो होतो, मांडीवर कोरा फॉर्म होता आणि समोर बनूबाई. जिज्ञासा शेजारी बसून मी लिहीन ते वाचत होती.

"'या जमिनीची निगा बनूबाई यांनी स्वतःच्या हातांनी राखली,'" तिने वाचलं. "'ती अपुरी पडली, कारण त्या एकट्या होत्या.'"

वाक्य नेटकं होतं. चौकट काठोकाठ भरली होती. मी पेनाला टोपण लावलं.

"एकटी नाय," बनूबाई म्हणाल्या. "त्याचं नाव टाका. जयदेव. पहिले सात त्याचे."

"बनूबाई, चौकट संपली."

त्या माझ्या पेनाकडे बघत राहिल्या. मी टोपण काढलं, 'एकट्या' शब्दावर काट मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा चौकटीच्या बाहेर, समासात लिहायला घेतलं.

बनूबाई पुढे वाकल्या.

"अक्षर मोठं काढा, सायेब. त्याला लांबचं दिसायचं नाय."